बिजाच्या खोडातलं पाणी

चाचा कोणाच्याही घरी आले की दारावर टकटक करत, आणि दार उघडलं तरी त्यांची टकटक थांबत नसे. चौकट, खाटेचा पाय, देव्हाऱ्याचा पाट, सगळ्यावर बोटाचं हाड आपटून कान लावायचे. आमची बायको म्हणायची, "चाचा, घर विकत घ्याचं हाय काय?" ते हसायचे. "नाही बेटी, लाकूड काय म्हनते ते आयकून राह्यलो."

नेरला बसस्टँडमागे ते ढोलकीची खोडं कोरायचे. मी बाभुळगावच्या भजन मंडळात ढोलकी वाजवतो. आता मनगटं दुखतात, बोटं वळत नाहीत, पण सोडवतही नाही. गिऱ्हाईक आलं की चाचांचा पहिला प्रश्न, "वाजवता कुठी? देवळात का मैदानात?" देवळासाठी निंबाचं खोड, आवाज मऊ. मैदानासाठी बिजाचं, जड असतं, पण शेवटच्या माणसापर्यंत खणखणीत पोचतं. आंब्याचं मागणाऱ्याला सरळ वाटेला लावायचे. "ते घुमत नाही, नुसती बडबड करते."

दुकानामागे सावलीत ओंडके रचलेले असत. कोणत्या ओंडक्याने किती उन्हाळे काढले, ते त्यांना तोंडपाठ.

एका वर्षी फुलसावंगीला भजनस्पर्धा होती, उघड्या मैदानात. मला बिजाची नवी ढोलकी हवी होती, तीही ताबडतोब. बिजाचा वाळलेला ओंडका तेव्हा त्यांच्याकडे नव्हता. चाचांनी ताज्या ओंडक्यावर टकटक केली आणि मान हलवली. "याच्या पोटात पानी हाय अजून. दोन उन्हाळे थांबा, भाऊ." मी कसला थांबतो! चार चकरा मारल्या, रुसलो, इतक्या वर्षांची ओळख काढली. शेवटी तेच थकले. "घ्या बापा. पन उन्हात ठेवू नका."

वैशाखाचं ऊन, वर नावापुरता मांडव. दुसऱ्याच भजनाला खोड कडकन तडकलं, आवाज फाटला, लोक हसले. परतीच्या गाडीत आमचे अध्यक्ष तापले, "चाचानं फसवलं आपल्याले! ओलं लाकूड गळ्यात मारलं!" खरं काय ते मला ठाऊक होतं. मी हूं की चूं केलं नाही. भित्रा मेला, दुसरं काय!

तेच बोलणं गावोगाव गेलं. मंडळं तयार ढोलक्या आणू लागली, चाचांचं दुकान ओस पडलं. महिनाभराने मी तडकलेली ढोलकी घेऊन गेलो. त्यांनी तड्यावरून अंगठा फिरवला आणि लोखंडी पट्टी बसवली. मी म्हणालो, "चाचा, मी सगळ्यायले खरं सांगतो."

"कायले? लाकडानं तं सांगतलं होतं. म्याच आयकलं नाही."

त्यांनी ऐकलं होतं हो. मीच ऐकू दिलं नाही. आणि सांगतो म्हणून सांगितलंही नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता पंधरा वर्षं गेली.

मागच्या महिन्यात चाचा वारले. मयतीला गेलो होतो. दुकानामागे ओंडके तसेच रचलेले, चांगले वाळलेले. परत आलो तो तसाच मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि सगळं ओकलो. चाचांनी बजावलं होतं, हट्ट माझा होता, नाव मात्र त्यांचं बुडालं. बोलताना रडू आलं मला. जुने अध्यक्ष कधीच गेलेत, त्या गाडीत बसलेलं आता कोणीच मंडळात नाही. समोर सगळी नवी मंडळी.

मग एकाने फार आदराने विचारलं, "कोनते चाचा, भाऊ?"