पोटातलं मत

वाटूर फाट्यावर रामकिसनची काळी-पिवळी जीप सगळ्यांच्या आधी भरायची, ती त्याच्या आवाजामुळे. "जालना, जालना, जालनाऽ" अशी त्याने हाळी दिली, की परतूरला निघालेली माणसंही क्षणभर विचारात पडत. घरात मात्र हा माणूस कुजबुजत होता.

त्याचं असं झालं. बायकोला, मोनालीला, सहावा महिना लागला, आणि रामकिसन अंगणात काही बोलला की पोटातलं बाळ लाथ मारायला लागलं. त्याच्या आईने, नंदाबाईने, तिथल्या तिथे निकाल दिला.

"भेऊन राह्यलं ते तुला. पोटात भेलेलं लेकरू जन्मभर दचकतं."

"खुशीनं मारत असंल, माय."

"खुशीनं लाथ कोण मारतं रे? म्हशीनं तुझ्या बापाला मारल्ती, ती काय खुशीनं?"

तेव्हापासून तो चहासुद्धा खुणेने मागू लागला. बंदीचं त्याला फारसं काही नव्हतं. पण जगात यायच्या आधीच पोराने बापाविषयी मत बनवून टाकलं, हे त्याला लागलं होतं. एकदा त्याने मोनालीला हळूच विचारलं, "खरंच भेतं का गं?"

"मला काय ठावं? मला लाथ लागती, तिचा अर्थ न्हाई लागत."

आठव्या महिन्यात एका सकाळी मोनाली म्हणाली, "आज हाललंच न्हाई." या वेळी नंदाबाईने निकाल दिला नाही, जीपची किल्ली आणून दिली. रामकिसनने तिला जीपमध्ये बसवलं आणि वाटेत एकही पॅसेंजर न घेता जालना गाठलं.

दवाखान्यात सिस्टरने पोटावर मशीनचा पट्टा बांधला. बाळाचे ठोके बरोबर होते. "झोपलं असेल," ती म्हणाली. पण हालचाल दिसल्याशिवाय डॉक्टरीणबाई सोडायला तयार नव्हत्या. मोनालीला कूस बदलायला लावली, पोटाजवळ टाळी वाजवली. बाळ ढिम्म. रामकिसन भिंतीला चिकटून उभा होता.

"बोला की तुम्ही," मोनाली म्हणाली.

"भेलं तर?"

"भेऊ द्या. हालू तर द्या."

त्याने घसा खाकरला. लेकराशी काय बोलतात ते सुचेना, तेव्हा तोंडात बसलेलं तेच बाहेर पडलं. "जालना, जालना, जालनाऽ"

बाहेर बाकावर बसलेले दोघे, जालन्यातच असूनही, पिशव्या घेऊन उभे राहिले. मोनालीचं पोट एका अंगाने टरारून वर आलं, आणि मशीनमधले ठोके पळायला लागले.

"बाळ छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या महिन्यात ऐकू येतं त्यांना. मोठ्या आवाजाने दचकतात, रोजचा आवाज ओळखीचाही होतो."

"मंग मला भेतं, का खुश होतं?"

"ते मशीन सांगत नाही. हालचाल कमी वाटली तर असेच लगेच या."

घरी आल्यावर त्याने हे सगळं नंदाबाईला सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "भेतंच ते. पण भेऊ दे. बापाला भ्यायलाच पाहिजे."

रामकिसनला हे बिलकुल पटलं नाही, आणि तसं त्याने मोठ्या आवाजात सांगितलं. त्याला कोणी अडवलं नाही.