ओल्या लाकडाचं चाडं

ब्राह्मणपुरीच्या हिलाल सुतारानं १९३८ च्या उन्हाळ्यात एक लाकडी विमान केलं. असं विमान जगात कुठंच नव्हतं. शहाद्याच्या धनसिंग मास्तरांनी ते मनानं रेखाटलं होतं: पंखा शेपटीला, पोट फुगीर, पंख मागं कललेले. प्रयोगासाठी कुणी बांधलंच तर ते कसं दिसेल, हे त्यांना प्रदर्शनात दाखवायचं होतं. माप ठरलं, खऱ्या फुटाला नमुन्यात अर्धा इंच.

पोटासाठी न तडकणारं, मुरलेलं लाकूड हवं होतं. हिलालकडे तसा एकच ठोकळा होता, तोही दगूबाईचा. तिनं तो शिवणीच्या झाडाचा ठोकळा चार वर्षं वाळवून पेरणीच्या पाभरीच्या नव्या चाड्यासाठी आणून दिला होता. चाडं म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी; तिच्या तीन भोकांतून बी नळ्यांत उतरतं. हिलालनं ठोकळा विमानाला लावला आणि दगूबाईला ओल्या लाकडाचं चाडं दिलं. तेलाचा हात फिरवल्यावर फरक दिसत नाही.

विमानाला त्यानं सफेद्याचे दोन हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर काचकागदानं घासला, वर रुपेरी रंग चढवला. प्रदर्शनात लोक वाकून बघत होते.

दगूबाईची चाड्यात बी सोडणारी मूठ गावात नावाजलेली. वीस वर्षं लोक तिला आपल्या पेरणीला बोलावत. त्या मृगात उन्हानं चाडं आक्रसलं, एक भोक आवळलं. तिच्या शेतात ज्वारी उगवली तेव्हा दोन ओळी दाट आणि तिसरी जवळजवळ मोकळी, सगळं शेत तसंच.

"दगूबाईनी मूठ गयी," भिकन पाटील पारावर म्हणाला. पुढं तिला कुणी बोलावलं नाही. नवरा दगा यानंही कपाशीच्या वेळी बियाण्याची ओटी भावजयीला बांधली.

हिलाल हे रोज बघत होता. दिवाळीनंतर तो तिच्या दारात गेला.

"दगूमाय, तुन्हा हातमा खोट नही. चाडं ओलं व्हतं."

"आन् मन्हं लाकूड?"

"इमानमा गयं."

ती तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही. "माले सांगीसन काय? नावं गावनी ठेवी. गावले सांग."

सांगायला त्याला सहा महिने लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सालदारांचे नि सुतार-लोहारांचे नवे करार ठरतात तेव्हा, सगळं गाव पारावर होतं. तो उभा राहिला आणि ओळीनं सगळं बोलला.

"मंग औंदा इमानवर बशीसन पेरजो," भिकन म्हणाला. लोक हसले. सात घरांनी त्याचं काम काढून घेतलं.

त्या मृगात दगूबाईला चार शेतांतून बोलावणं आलं. ती गेली. स्वतःच्या पाभरीचं चाडं मात्र तिनं धानोऱ्याच्या सुताराकडून करून आणलं. तिची गाडी हिलालच्या दारावरूनच गेली. तो लाकूड तासायला वाकस घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही.