चौथ्या गाण्याखालची घरघर

लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. कामावर त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून ते यंत्राची तब्येत सांगतात, आणि ती सहसा बरी नसते. स्वभाव काळजीचा. हॉटेलात गेले तर आधी वरचा पंखा बघतात, मग टेबल निवडतात. बायको म्हणते, "आमच्या लग्नात सगळे फोटोग्राफरकडे बघत होते, हे मांडवाच्या खांबाकडे."

त्यांची मुलगी कॉलेजात आहे. एका रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरात एक नवा अल्बम लावला. तीन पोरांचा इंडी रॉक बँड, नऊ गाणी, आणि नऊच्या नऊ गाण्यांत अंधार.

"कोणी गेलंय का गं?" आईने कणीक मळता मळता विचारलं.

"आई, असंच असतं ते."

चौथं गाणं सुरू झालं आणि डॉक्टरांचा चहाचा कप बशीवर टेकेना. "पुन्हा लाव," ते म्हणाले. बाबांना आपली आवड पटली म्हणून मुलगी हरखली. तिसऱ्यांदा ऐकून झालं तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"बेअरिंग गेलंय."

"कोणाचं?"

"गाण्याखाली घरघर आहे ना, ती लिफ्ट आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खट होतंय. शेवटी टक, तो ब्रेक. वर जाताना कण्हतेय, म्हणजे आत माणसं आहेत."

मुलीने त्यांना शांत करायला फोनवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. तिथेच चुकलं. 'हे ऐकताना कोणीतरी खाली ओढतंय असं वाटतं,' एकाने लिहिलं होतं. "वाटणारच," डॉक्टर म्हणाले. एका समीक्षकाने पाचपैकी चार तारे देऊन लिहिलं होतं, 'ही घरघर म्हणजे आपल्या काळाच्या भीतीचा श्वास. ती कुठून येते ते कळत नाही, हेच तिचं सामर्थ्य.'

"कळत कसं नाही? दोर ज्या चाकावरून जातात त्याच्या बेअरिंगमधून येते. या माणसाचा फोन नंबर आहे का?"

नंबर नव्हता. मग डॉक्टरांनी मुलीच्याच फोनवरून, आयुष्यभर कामाचे रिपोर्ट लिहिलेल्या भाषेत, गाण्याखाली मजकूर टाकला : 'आवाज ऐकला. बेअरिंग संपले आहे. आत कोणी असल्यास बाहेर काढावे. जाणकार येईपर्यंत बंद ठेवावे. हयगय करू नये.'

दुपारपर्यंत त्यावर नऊशे बदाम पडले.

'काका, आत मीच आहे,' असं कोणीतरी लिहिलं. डॉक्टरांनी घाईघाईने उत्तर दिलं, 'कितवा मजला? पत्ता कळवा.' त्यावर आणखी चौदाशे. 'मी दोन वर्षं बंदच आहे,' दुसऱ्या एकीने कळवलं. डॉक्टर म्हणाले, ही एकटीच शहाणी दिसते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका समीक्षकाने 'हयगय करू नये' हे या अल्बमवरचं सर्वांत निर्दय आणि सर्वांत कोवळं भाष्य आहे, असं लिहिलं.

माणूस आग लागली म्हणून ओरडतोय आणि खाली रस्त्यावर लोक त्याच्या आवाजाला दाद देताहेत, अशी ती अवस्था. डॉक्टरांचं जेवण सुटलं. सुरू होण्यापासून थांबण्यापर्यंतचे सेकंद मोजून त्यांनी आठ मजले हा हिशेब काढला आणि जेवणाच्या सुट्टीत आठ मजली इमारती शोधून लिफ्टपाशी डोळे मिटून उभे राहू लागले. एका वॉचमनने विचारलं, "कोणाकडे जायचंय?" "अजून ठरलं नाही," हे उत्तर त्याला आवडलं नाही.

बँडचं म्हणणं असं, की तो आवाज कुठला ते आम्ही सांगत नसतो. शेवटी मुलीने गायकाला कळवलं, "ते भाष्य नाहीये. माझे वडील खरंच लिफ्ट दुरुस्त करतात आणि तीन दिवस धड जेवलेले नाहीत." पाच मिनिटांत पत्ता आला.

गायक काळ्या शर्टात, अत्यंत नम्र, राहायला आठव्या मजल्यावर. आठ मजले डॉक्टर जिन्यानेच चढले, म्हणून तोही बिचारा धापा टाकत मागे आला. गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत डॉक्टरांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. ग्रीस वाळून काळं झालेलं, चाकाखाली लोखंडाची बारीक पूड. बेअरिंगला हात लावला आणि चटका बसून लगेच काढला.

"काका, हे दोन दिवस चालू राहिलं तर? पुढच्या अल्बमसाठी थोडं रेकॉर्डिंग..."

"कोण कोण जातं यातून?"

"सगळेच. खालचे आजोबा, शाळेची मुलं. आई."

'आई' म्हटल्यावर तो थांबला. चाक तेवढ्यात खट करून फिरलं. कोणीतरी निघालं होतं. खट, खट. डॉक्टरांच्या कपाळावर घाम. मग टक. दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला, आणि डॉक्टर काही म्हणायच्या आत पोराने स्वतःच मुख्य स्विच खाली ओढला.

सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन झाला, त्यांची नाराजी ऐकून झाली. तळमजल्यावर पाटी लावायला डॉक्टर उतरत होते, तर तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर एक बाई दोन पिशव्या घेऊन बसलेल्या.

"बंद केली का हो कोणी?"

"मी केली. तुम्ही आठव्या मजल्यावरच्या?"

"हो. आत्ता खालून निघाले होते. इथलंच बटण दाबून उतरले, रोज एवढ्यावरच धीर सुटतो माझा." त्यांनी पदराने मान पुसली. "सहा महिने सांगतेय, आवाज येतो म्हणून. सगळे म्हणाले, वहिनी, सवय होईल. घरात एका पोराने तेवढा ऐकला, तर त्याने त्याचं गाणं केलं."

वरच्या वळणावर काळा शर्ट येऊन उभा राहिला होता.

"चार तारे मिळालेत त्याला," डॉक्टर म्हणाले.

"मिळू देत. या पिशव्या घे रे आधी."

पोराने दोन्ही पिशव्या उचलल्या. बाईंनी कठड्याला धरलं, डॉक्टर त्यांच्या मागून एक पायरी सोडून चालू लागले, न जाणो तोल गेला तर म्हणून.