‘खलास’ गाण्यातला ड्रमर

परवा इथे आखातात, आमच्या गुदैबियात एक गंमत झाली. म्हणजे सुरुवात तरी गमतीची होती...

ऑफिसातून येताना नेहमीच्या टपरीवर करक, म्हणजे इथला घट्ट दुधाचा चहा घेत उभा होतो. कॉलेजातल्या वाटतील अशा दोन मुली माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. पंचेचाळिशी, सुटलेलं पोट, हातात भाजीची पिशवी... माझ्याकडे बघण्यासारखं काय आहे बुवा!

तेवढ्यात एकीने हिंदीत विचारलं, तुम्ही ‘खलास’ व्हिडिओमधले बास गिटारवाले अंकल ना? अंकल म्हणाली, पण ओळखलं तर खरं! मी छाती फुगवून हो म्हणालो. मग दुसरी म्हणाली, और वो ड्रमर भैया? वो कहाँ हैं?

गावाला गेलाय, म्हणालो... आणि अर्धा चहा तिथेच टाकून घरी आलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा तीन जणांचा बँड. मी, पुण्याहून इथे अकाउंट्सच्या नोकरीला आलेला. गाणारा ऋत्विक, जन्म इथलाच, त्याच्याशी मराठीत बोला, उत्तर इंग्लिशमध्ये येणार. आणि ड्रमवर संदेश, कुडाळकडचा, एसी टेक्निशियन. गावच्या भजनात पखवाज वाजवायचा, इथे येऊन ड्रम शिकला... शिकला कसला, बसला आणि वाजवायलाच लागला!

दोन वर्षांपूर्वी संदेशचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, इथल्या सलमानिया हॉस्पिटलला. गावी त्याची आई एकटी, काळजीने अर्धी झालेली. ऑपरेशन नीट झाल्याचं कळताच मी उत्साहाने काकींना व्हॉइस मेसेज टाकला... काकी, ऑपरेशन खलास!

आता इथे अरबीत उठता बसता खलास. फाईल खलास, ड्युटी खलास, जेवण खलास. खलास म्हणजे झालं, उरकलं. पंधरा वर्षांत हा शब्द जिभेवर असा बसलाय की आपल्या मराठीत त्याचा अर्थ काय होतो हे डोक्यातच आलं नाही.

काकींनी तो मेसेज ऐकला आणि हंबरडाच फोडला. अख्खी वाडी गोळा झाली. शेवटी शुद्धीवर आलेल्या संदेशनेच पडल्या पडल्या फोन करून समजावलं, अगे आये, हय खलास म्हणजे काम झाला!

त्यावर काकींनी आम्हा सगळ्यांना एक व्हॉइस मेसेज पाठवला. मेल्यांनू, आधी बोलाक शिका! माझो जीव गेलो असतो मगे!

ऋत्विकने तो मेसेज ऐकला आणि म्हणाला, धिस इज द इंट्रो. काकींना विचारलं तर म्हणाल्या, घाला काय ता! अशी ‘खलास’ची सुरुवात झाली. बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेनांच्या मधोमध मोबाईलवर शूट केलं. आधी काकींची शिवी, मग संदेशचं खदखदून हसणं, आणि मग तो भंगारातल्या एसीच्या पत्र्यावर पहिला ठोका टाकतो...

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आधीच्या गाण्यांना आमचे नातेवाईकच लाईक द्यायचे. हे मात्र कुठल्या कुठे गेलं. मराठीचा गंध नसलेली माणसंसुद्धा कमेंटमध्ये ‘मेल्यांनू’ लिहायला लागली. काकी तर गावात स्टार! बाजारात कोणी भेटलं की आधी शिवी घालून दाखवायला सांगायचे.

या मे महिन्यात एका शुक्रवारी संदेश प्रॅक्टिसला आला नाही. तो कधी उशीर करायचा नाही. दुपारी जेवून जरा आडवा झाला होता... रूममेट उठवायला गेले तर उठेना. पुन्हा सलमानिया. हार्ट अटॅक. चौतीस वर्षांचं पोर हो!

काकींना फोन करायचं माझ्यावर आलं. त्यांच्याकडे नंबर माझाच होता, आणि एव्हाना माझं नाव दिसलं की त्या हसतच फोन उचलायच्या. मी मनात घोकून ठेवलं होतं, सिरीयस आहे म्हणायचं, शेजारच्या कोणाला तरी फोन द्यायला सांगायचं... पण त्यांचा ‘काय रे झिला’ ऐकला आणि माझं सगळं अवसानच गेलं.

काय बोललो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की शेवटी तोंडातून तोच मेला शब्द निघाला. काकी... खलास.

पलीकडे मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग काकींनी अगदी हळू, जणू मला दुखवायचं नाही अशा आवाजात विचारलं...

झिला, खरा सांग माका. तुमच्याकडचा खलास, की आमच्याकडचा?

त्या बाईला अजून आशा होती हो! माझ्या चुकीची आशा. आयुष्यात कधी नव्हे ते वाटलं, देवा, आजही मी चुकलेलोच असू दे.

संदेश गावाला गेला. आम्ही दोघं त्याच्यासोबत गेलो. ऋत्विकने तिथे काकींचे पाय धरले आणि तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, मी तो व्हिडिओ काढून टाकतो. काकींनी मान हलवली. ठेव, म्हणाल्या. तो हसता त्यात.

म्हणून व्हिडिओ अजून आहे. तुम्ही रोज बघता, रोज विचारता, नवीन गाणं कधी, ड्रमर कुठे... तुम्ही त्याला बघत राहता म्हणून तो कुठेतरी रोज हसतो. त्याबद्दल मनापासून आभार.

पण टपरीवरच्या त्या दोघींना अर्धवट उत्तर दिलं, ते मनाला लागून राहिलंय. काकींना जे उत्तर द्यावं लागलं, तेच आज तुम्हालाही देतो.

आमचा संदेश खलास. काकींकडचा.