ताईच्या शेतावरून

विमानतळ कसला, आमच्या एसटी स्टँडापेक्षाही लहान. तिकडच्या गावाहून इकडे विमान पंचावन्न मिनिटांत येतं, असं मोबाइल सांगत होता. सुटायची वेळ उलटून सव्वा तास झाला होता. ढग खाली उतरले होते आणि त्या विमानात माझी मुलगी होती.

शेजारी बसलेले काका आईला न्यायला आले होते. विमान निघालं की नाही, हे काउंटरवर कुणी धड सांगेना. शेवटी त्यांनी बहिणीला फोन लावला, वाट बघणाऱ्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. तिचं शेत दोन्ही गावांच्या मधोमध, विमानाच्या वाटेवर.

"ताई, गेलं का गं डोक्यावरून?"

"ढगच आहेत रे नुसते. काही दिसत नाही."

किलोमीटर निवांत माणसांनी मोजावेत. वाट बघणाऱ्याला वाटेत आपलं एक माणूस असावं लागतं.

"थांब," ताईचा आवाज चढला. "म्हशींनी माना वर केल्यात... हां, घरघर ऐकू येतेय. गेलं बघ तुमच्याकडे!"

काकांनी डोळे पुसले. अजून निम्मं आभाळ बाकी होतं. आम्ही सगळ्यांनी त्या म्हशींसारख्याच माना वर केल्या.