अध्यक्षांचं भाषण शेवटी

पडद्यावर टांझानियातल्या मुली वह्या उघडून बसल्या होत्या आणि इकडे आमची समई पेटत नव्हती. एकदाची पेटली, तर सिक्युरिटीचा माणूस धावत आला.

"मॅडम, विझवा आधी! वर स्मोक डिटेक्टर आहे. अलार्म वाजला की अख्खी बिल्डिंग खाली उतरवावी लागते."

"अहो, उद्घाटन आहे," दातारबाई म्हणाल्या.

"मग पार्किंगमध्ये करा."

आणि केलं की हो! समई, तेलाची बाटली आणि निम्मं मंडळ लिफ्टने पार्किंगमध्ये गेलं. मुली बिचाऱ्या रिकाम्या खुर्च्या बघत बसल्या. त्यांना वाटलं असेल, हाच पहिला धडा.

मी गायकवाड, गणिताची शिक्षिका. खडकीतल्या मुलींच्या शाळेत आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर शिक्षिकांच्या एका मंडळात गेले. परदेशातल्या गरजू मुलींच्या शिक्षणाला हातभार लावायचा, असा ठराव आम्ही नारायण पेठेत दातारबाईंच्या घरी साबुदाण्याची खिचडी खाता खाता केला. "आणि इथल्या मुलींचं काय?" असं मी विचारलं. "त्यांना क्लासेस आहेत," असं उत्तर मिळालं. दातारबाई म्हणजे आमच्या अध्यक्षा. एका नावाजलेल्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे उलट बोलायची पद्धत नव्हती.

दिवस आयटीचे होते. घरटी एक जण कंपनीत. आमच्या सबनीसबाईंचे जावई नगर रस्त्यावरच्या एका कंपनीत मॅनेजर. त्यांनी शनिवारी कॉन्फरन्स रूम मिळवून दिली. मोठा पडदा, कॅमेरा, आणि शाल पांघरावी असा एसी. खडू-फळा तेवढा आम्ही नेला. पलीकडची शाळा खेड्यातली. तिथले गणिताचे सर सोडून गेलेले, दुसरे यायची चिन्हं नाहीत, आणि परीक्षा तोंडावर. वीज नव्हती. मुख्याध्यापिका आमच्या कॉलपुरता जनरेटर लावायच्या. डिझेल संपलं की शाळाही संपली.

पुढच्या बाकावर नीमा नावाची मुलगी होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी गणितात पास होणं भाग होतं. नाही झाली तर बाजारात मावशीच्या टोमॅटोच्या गाळ्यावर बसायचं, असं घरी ठरलेलं. आणि त्रिकोणमिती हा अख्खा भाग तिला कोणी शिकवलेलाच नव्हता.

पहिल्या शनिवारी पार्किंगमधून मंडळी परतली. मग स्वागतगीत. मग प्रत्येकीचा परिचय, पदव्यांसकट. मग दातारबाई स्त्रीशिक्षणाच्या परंपरेवर इंग्रजीत बोलल्या. वेदकाळापासून निघाल्या. पेशवाईपर्यंत आल्या आणि पडदा काळा झाला. मी हातात खडू घेऊन उभी.

दुसऱ्या शनिवारी सबनीसबाई उठल्या. "मागच्या वेळी आभारप्रदर्शन राहिलं होतं. ते आधी उरकून घेऊ." त्यांनी कंपनीचे आभार मानले, जावयांचे मानले, चहावाल्याचे मानले. मध्येच नीमा उभी राहिली. स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, माफ करा. आमचं डिझेल संपत आलंय. त्रिकोण कधी शिकवणार?"

"बघा, किती चुणचुणीत आहे!" दातारबाई म्हणाल्या. "टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच पडदा काळा झाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, राजीनामा तोंडावर फेकावा. पण त्याने नीमाला त्रिकोण थोडाच येणार होता? भांडून आमच्याकडे काही होत नाही. भांडणाचंही इतिवृत्त लिहितात आणि पुढच्या सभेत ते वाचून मंजूर करतात.

तिसऱ्या शनिवारी मी दातारबाईंना बाजूला घेतलं. "बाई, राग मानू नका, पण आपलं एक चुकतंय. अध्यक्ष कधी आधी बोलतात का? अध्यक्षांनी समारोप करायचा. आधी बोलतो तो किरकोळ माणूस."

त्या थबकल्या. "खरंच की! हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

सबनीसबाईंनी ऐकलं. "मग माझे आभारही शेवटीच. आभार काय आधी मानतात?" स्वागतगीतवाल्या म्हणाल्या, आमचं गीत समारोपाच्या लगेच आधी घ्या, नाहीतर रंग भरत नाही. बघता बघता सगळा कार्यक्रम शेवटाकडे सरकला. आधी बोलायला कोणीच तयार होईना. किरकोळ कोण होणार?

"प्रास्ताविक तेवढं गायकवाडांना करू द्या," दातारबाई म्हणाल्या. प्रास्ताविक म्हणजे कार्यक्रम कशासाठी आहे ते थोडक्यात सांगणं. मी थेट फळ्यापाशी गेले आणि काटकोन त्रिकोण काढला.

नवीन भाग शिकवण्याआधी मुलांना काय येतं ते बघायचं असतं. बीएडच्या भाषेत त्याला पूर्वज्ञान तपासणं म्हणतात. तपासलं, तर मुली तयार होत्या. नुसत्या खोळंबल्या होत्या. झाडावर न चढता झाडाची उंची कशी काढायची ते दाखवलं, तर नीमा म्हणाली, "म्हणजे सावली मोजली की झालं?" अगं बाई, मला एवढा आनंद झाला! वर्गात असं पोर भेटलं की पेन्शन परत करावीशी वाटते.

डिझेल संपेपर्यंत शिकवलं. पडदा काळा झाला. मग काळ्या पडद्यासमोर स्वागतगीत झालं. दातारबाईंचा समारोप झाला, आभार झाले, फोटो झाला, कॅन्टीनचे बटाटेवडे झाले. परीक्षेपर्यंत दर शनिवारी हेच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. काय गंडवलं सगळ्यांना!

निकालाच्या दिवशी नीमा पडद्यावर आली. पास झाली होती. नर्सिंगचं जमणार होतं. मला रडू आलं, आणि ते मी एसीवर ढकललं. मग तिने विचारलं, "मॅडम, सुरुवातीला खूप बोलायच्या त्या मॅडम नंतर दिसल्याच नाहीत. त्यांची बदली झाली का?"

दातारबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, कॅमेऱ्याच्या जरा बाहेर. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "नाही गं, आहे मी इथेच. शाब्बास," म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांचं एवढं छोटं भाषण मी प्रथमच ऐकलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी जमिनीकडे बघत होते.

"गायकवाड, पडदा काळा झालेला मला दिसत नव्हता असं वाटलं का तुम्हाला? चष्मा आहे मला. आंधळी नाही मी."

"मग बोलत का होतात, बाई?"

"तुम्ही शिकवत होता तेव्हा ह्या सगळ्याजणी गप्प कशा बसल्या? पुढे आपलीही पाळी आहे म्हणून. ती काढून घेतली असती, तर पुढच्या शनिवारी एकही आली नसती. सबनीस रुसल्या असत्या, म्हणजे जावईही रुसले असते. मग रूम कोण देणार होतं? तुमचा पायथागोरस?"

अहो, मी त्यांना गंडवत होते की त्या मला, हे अजून मला नीट सांगता येत नाही. मुख्याध्यापक होणं वेगळं आणि नुसतं गणित येणं वेगळं.

तेव्हा ज्यांना समाजकार्य करायचंय त्यांना एवढंच सांगते. कोणाचं भाषण बंद पाडायला जाऊ नका. फक्त शेवटी ठेवा. समोर ऐकायला कोणी नसलं तरी त्यात काही फरक पडत नाही.