लिंबाच्या बिया आणि पांढरं बॉनेट

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सकाळी माझ्या गाडीचा निकाल लागला... आणि तरी मी कुणावर ओरडले नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खोटं वाटेल, पण खरं आहे.

आधी सांगते, गाडी म्हणजे किटमधून जोडायची रेसकार. तळहातावर मावते. गंगाखेडमध्ये बँकेत नोकरी करणारी पस्तिशीची बाई सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकचे भाग घासत, चिकटवत बसते, हे आमच्या गल्लीला अजून पचलेलं नाही.

ही गाडी मी नुसती जोडली नव्हती, बदलली होती. किटमधलं डावीकडचं स्टिअरिंग कापून उजवीकडे घेतलं, बॉडी जरा खाली बसवली, मिठाईच्या खोक्याच्या रिबिनीचे सीटबेल्ट केले. रंग मी बाथरूममध्ये मारते, कारण घरात तेवढ्याच जागी धूळ नसते... आई तोवर टॉवेल घेऊन दाराबाहेर ताटकळते आणि माझा उद्धार करते.

आईबद्दल सांगायला हवं. ती झरी गावची. बाबा होते तेव्हा दसऱ्याला गाडीची पूजा तिचीच असायची. बाबा जुनी मोटारसायकल धुऊन पुसून दारात लावायचे आणि शेजारी नवरदेवासारखे उभे राहायचे. आई टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची, चाकाखाली लिंबू ठेवायची आणि वर बाबांनाच 'हळू चालवा' म्हणून दम द्यायची.

बाबा गेले आणि तिनं कुंकवाच्या करंड्याला हात लावणं सोडलं. माझी स्कूटर आली तेव्हा मी पूजेचं ताट तिच्या हातात दिलं, तर मागे सरकली. 'सवाष्णीच्या हातानं होऊ दे,' म्हणाली आणि शेजारच्या कमलकाकूंना बोलावलं.

मी चिडले, भांडले, भाषण दिलं... काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून दर दसऱ्याला काकू पूजा करतात आणि आई दाराच्या आत उभी राहून बघते. तिला तसं बघताना मला तो सणच नकोसा व्हायचा.

यंदा आदल्या संध्याकाळी रेसकारवर लॅकरचा, म्हणजे रंगावरच्या चकचकीत थराचा, शेवटचा हात दिला. पांढरंशुभ्र बॉनेट, नुसतं चकाकत होतं. लॅकर पुरतं कडक होईपर्यंत त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं, म्हणून गाडी टेबलावर टोपलीखाली झाकून ठेवली. सकाळी आपट्याची पानं आणायला बाजारात गेले.

परत आले तर टोपली बाजूला... बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. छतावरच्या अक्षता लॅकरमध्ये रुतलेल्या, मागच्या विंगवर कुंडीतल्या झेंडूची पाकळी. आणि चारही चाकांखाली एकेक लिंबाची बी! अख्खं लिंबू बसेना, म्हणून.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळी आमच्या मॉडेलवाल्या ग्रुपवर फोटो टाकायचं कबूल केलं होतं. ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात आईच्या हाताकडे लक्ष गेलं. बोटाला लागलेलं कुंकू ती घाईघाईनं पदराला पुसत होती, चोरी पकडल्यासारखी.

'घरात नवी गाडी आली अन् दसऱ्याला पूजा न्हाई होय?' तीच आधी बोलली. मग काकूंना का नाही बोलावलंस, एवढंच मी विचारलं.

'एवढ्याशा गाडीसाठी त्यांना कशाला तरास...' आणि मग खाली बघत, हळूच, 'म्हणलं, खेळण्यातली हाय. हिला माझ्या हातचा दोष लागायचा न्हाई.'

तिला कुंकू नकोसं झालं नव्हतंच कधी. आपला हात लागला तर लेकीचं काही वाईट होईल, ही भीती घेऊन ती इतकी वर्षं दाराच्या आत उभी होती.

तिनं पूजेला घेतलेलं ताट मी उचललं आणि तिचा हात धरून तिला बाहेर स्कूटरपाशी नेलं. 'आगं, ही खरी गाडी हाय,' ती हात सोडवायला लागली. मी म्हटलं, 'रोज तुझ्याच हातचा डबा घेऊन जाते की मी हिच्यावर. लागला का काही दोष?'

तेवढ्यात कमलकाकू दरवर्षीसारख्या त्यांचं ताट घेऊन आल्या. मला वाटलं, झालं, आता आई परत आत जाणार... काकूंनी आईच्या लाल बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपलं ताट पायरीवर ठेवून दिलं. 'तुमीच काढा वैनी, माझं स्वस्तिक तसंबी लय वाकडं येतंय.'

आईनं कुंकवात बोट बुडवलं. तिचंही वाकडंच आलं. या वेळी चाकाखाली अख्खं लिंबू ठेवलं आणि उठताना मला म्हणाली, 'हळू चालवीत जा.' बाबांना द्यायची, अगदी तोच दम.

मी भर दारात रडले. सांगायला लाज नाही वाटत.

फोटो टाकले तसेच. एकानं लगेच सल्ला दिला, बारीक पॉलिशपेपरनं घासा, डाग निघेल, मग वरून परत लॅकर मारा... लॅकर मारलं मी, पण कुंकवावरूनच. उजेडात धरलं की स्वस्तिकाच्या टोकाशी आईच्या बोटाच्या रेषा दिसतात.

या गाडीत मी खूप काही बदललं. तेवढं मात्र कुणाला बदलू देणार नाही.